उजवीकडचा एकटा स्तंभ

३० मे २०२४ ला नागपुरात ५६ अंश सेल्सिअस तापमान नोंदवलं गेलं. रामदासपेठेत कृषी विद्यापीठाच्या शेतावर हवामान खात्याचं स्वयंचलित केंद्र आहे, त्याने तो आकडा पाठवला. नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात कडक नऊ दिवस, चालू होता. दुपारी रस्ते ओस पडत होते. आदल्याच दिवशी दिल्लीतल्या मुंगेशपूरच्या केंद्राने ५२.९ दाखवलं होतं, त्यामुळे ५६ वर विश्वास ठेवणं लोकांना जड गेलं नाही. तासाभरात तो आकडा शहरातल्या प्रत्येक मोबाइलवर पोचला. त्याच दुपारी वर्धा रस्त्यावरच्या कापूस संशोधन संस्थेचं केंद्र ४४ अंश दाखवत होतं. पुढे हवामान खात्याने तपासणी करून सांगितलं, की रामदासपेठेच्या केंद्रातल्या सेन्सरच्या इलेक्ट्रॉनिक भागात बिघाड होता आणि ३८ अंशांच्या वर ते तापमान नीट मोजत नव्हतं. दिल्लीचा आकडाही सुमारे ३ अंशांनी जास्त निघाला.

बातम्यांमधून ५६ चा आकडा गेला, पण माझ्या डोक्यातून ३८ चा जाईना. असा बिघाड असलेलं यंत्र पहाटे बरोबर असतं, रात्री बरोबर असतं, पावसाळाभर आणि हिवाळाभर बरोबर असतं. त्याच्या वर्षभराच्या नोंदी घेऊन सरासरी चूक काढली, तर ती इतकी लहान येईल की अहवाल वाचणारा पान उलटून पुढे जाईल. आणि नागपुरात तापमापकाची खरी गरज कधी असते? मे महिन्यातल्या दुपारी. उष्माघाताचा इशारा द्यायचा की नाही, मजुरांची सुट्टी कधी करायची, शाळा सकाळची ठेवायची का, हे सगळं ३८ च्या वरच्या आकड्यांवर ठरतं.

माझं रोजचं काम याच जातीचं आहे, म्हणून ती बातमी मी इतक्या जवळून वाचली. हिंगणा रस्त्यावरच्या एका लहान कंपनीत आम्ही संत्र्याच्या बागांसाठी शेतात उभी राहणारी यंत्रं तयार करतो. एक मायक्रोकंट्रोलर, जमिनीतला ओलावा आणि हवेचं तापमान मोजणारे सेन्सर, एक मोडेम, सौर पॅनेल, बॅटरी आणि ठिबकचा व्हॉल्व्ह उघडबंद करणारा रिले. सगळं मिळून जेवणाच्या डब्याएवढं. पण पीसीबी बनवायला टाकण्याआधी, बर्डीच्या बाजारातून सुटे भाग आणण्याच्याही आधी, ते यंत्र आमच्या संगणकात तयार होतं आणि तिथेच कित्येक उन्हाळे काढतं. त्या आभासी यंत्राने मागे ठेवलेली आकडेवारी पाहणं हे माझं काम. यंत्राचा कोड दुसरे लिहितात, पीसीबीचं डिझाइन दुसरे करतात. मी पाहते की हे यंत्र वागेल कसं.

लोकांना हे काम संगणकाच्या पडद्यावर आलेख न्याहाळण्याचं वाटतं, आणि दिसायला ते तसंच आहे. आम्ही मॉडेल सिस्टिम-सीमध्ये लिहितो. ही सी++ भाषेतली एक लायब्ररी आहे, २००५ पासून तिला आयईईईचं मानक आहे. तिच्यात काळ आपल्या घड्याळासारखा सरकत नाही. पुढे घडायच्या घटनांची एक यादी असते आणि आभासी घड्याळ एका घटनेवरून थेट पुढच्या घटनेवर उडी मारतं. आमचं यंत्र दिवसाचा बहुतेक वेळ वीज वाचवण्यासाठी झोपलेलं असतं, त्या झोपेवर सिम्युलेटर वेळ घालवत नाही. त्यामुळे संध्याकाळी काम लावून घरी गेलं, की सकाळपर्यंत यंत्राचा अख्खा मे महिना उलटलेला असतो. मोठ्या प्रोसेसरसाठी जेम-फाइव्ह नावाचा सिम्युलेटर जगभर वापरतात. मिशिगन आणि विस्कॉन्सिन विद्यापीठांतल्या दोन प्रकल्पांच्या मिलनातून तो आला. त्याच्या एका फेरीनंतर तयार होणाऱ्या मजकुराच्या फाइलमध्ये शेकडो ओळी असतात, आणि त्याचा काळ सेकंदाच्या एक लाख कोटीव्या भागाने मोजला जातो. इतकी सूक्ष्म मोजणी समोर आली की नवख्या माणसाला वाटतं, आता सगळं कळलं.

दरवर्षी आमच्याकडे नागपूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतून एखाद-दुसरा नवा मुलगा किंवा मुलगी येते. हुशार असतात. आकडेवारीचं पहिलं पान माझ्यापुढे ठेवताना त्यांचा चेहरा फुललेला असतो. ‘मॅडम, प्रोसेसरवर सरासरी भार दहा टक्क्यांच्याही आत आहे. आपण याहून स्वस्त चिप घेऊ शकतो.’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की पुढचं संभाषण कुठे जाणार हे मला माहीत असतं. तरी ते प्रत्येकाशी नव्याने करावं लागतं, आणि ते मी आनंदाने करते. कारण या कामात शिकवण्यासारखं जे आहे ते बहुतेक तिथेच आहे.

सरासरी भार दहा टक्के, म्हणजे प्रोसेसर दहापैकी नऊ वेळा रिकामा. मग एखादं काम वेळेवर होणार नाही असं कसं घडेल? रेल्वेचं फाटक दिवसातला थोडाच वेळ बंद असतं, बाकी वेळ रस्ता मोकळा असतो. पण रुग्णवाहिका फाटकाशी पोचते तेव्हा ते बंद असेल, तर दिवसभराच्या मोकळ्या रस्त्याचा तिला काही उपयोग नसतो. आमच्या यंत्रातही अशी फाटकं आहेत, आणि सरासरीत ती दिसत नाहीत.

त्यातलं एक सविस्तर सांगते, कारण आमच्या पुढच्या सगळ्या पद्धती त्यावरून ठरल्या.

मोडेम आणि मायक्रोकंट्रोलर यांच्यात तारेवरून अक्षरांची ये-जा चालते. वेग सेकंदाला १,१५,२०० बिट. एक बाइट पाठवायला मागच्या-पुढच्या खुणांसकट १० बिट लागतात, म्हणजे सेकंदाला ११,५२० बाइट, म्हणजेच दर ८७ मायक्रोसेकंदांना एक नवा बाइट दारात हजर. साध्या चिपमध्ये आलेल्या बाइटला थांबायला एकच जागा असते. पुढचा यायच्या आत प्रोसेसरने तो उचलला नाही, तर तो गेला. ८७ मायक्रोसेकंद प्रोसेसरच्या दृष्टीने भरपूर असतात, त्यामुळे यात कुणाला धोका दिसत नाही.

आता दुसरी बाजू. यंत्र नोंदी साठवतं चिपच्या आतल्याच फ्लॅश मेमरीत, म्हणजे वीज गेली तरी त्या टिकतात. फ्लॅशवर नवं लिहिण्याआधी जुनं पान पुसावं लागतं, आणि आम्ही वापरतो त्या प्रकारच्या चिपमध्ये एक पान पुसायला निदान २० मिलिसेकंद लागतात. प्रोसेसरला चालवणारा कोडही त्याच फ्लॅशमध्ये असतो. पान पुसलं जात असताना तिथून काहीच वाचता येत नाही, म्हणून तेवढा वेळ प्रोसेसर जागच्या जागी थिजतो. २० मिलिसेकंदांत मोडेमकडून सुमारे २३० बाइट येऊन जातात. व्हॉल्व्ह बंद करण्याचा आदेश याच्या निम्म्याहून लहान असतो.

पान पुसण्याची वेळ क्वचित येते. आदेशही दिवसातून मोजकेच येतात. दोन्ही एकाच क्षणी येणं त्याहून दुर्मीळ. टेबलावर ठेवलेल्या यंत्रावर कितीही तपासण्या केल्या तरी ते हाती लागेलच असं नाही, आणि शेतात घडलं तर कुणी म्हणेल नेटवर्क गेलं होतं, कुणी म्हणेल बॅटरी उतरली होती. आमच्या मॉडेलमध्ये फ्लॅशचं हे थिजणं लिहिलेलं होतं. आभासी महिन्यांमागून महिने चालवल्यावर बाइट उचलायला लागलेल्या वेळांचा स्तंभालेख समोर आला. डावीकडे एकच उंच स्तंभ, लाखो नोंदींचा, सगळ्या काही मायक्रोसेकंदांतल्या. उजवीकडे कोरी जागा. सरासरी उत्तम, ९९ टक्के नोंदी जिच्या आत बसतात ती रेषाही उत्तम.

उभ्या अक्षाचं माप बदलून लॉगॅरिदमिक केलं, तेव्हा त्या कोऱ्या जागेत, पार उजव्या टोकाला, एक बारीक स्तंभ उभा राहिला. साध्या मापावर लाखाच्या शेजारी एकाची उंची पडद्याच्या एका ठिपक्याहूनही कमी भरते, म्हणून तो दिसतच नव्हता. मी त्या स्तंभावर क्लिक केलं, त्या नोंदीची आभासी वेळ मिळाली आणि त्या वेळेच्या आसपासची घटनांची पट्टी उघडली. वरच्या ओळीत पान पुसणं चालू, खालच्या ओळीत मोडेमचे बाइट एकापाठोपाठ एक येत होते, आणि मधली प्रोसेसरची ओळ सपाट. तिघांना एकाच चौकटीत पाहिल्यावर स्पष्टीकरणाची गरज उरली नाही.

उपाय अवघड नव्हता. मोडेमचे बाइट डीएमए या स्वतंत्र यंत्रणेकडे सोपवले, ती प्रोसेसरला न विचारता ते थेट रॅममध्ये ठेवत जाते. पान पुसून झालं की प्रोसेसर सावकाश ते वाचतो. तो स्तंभ नाहीसा झाला. सरासरी भार मात्र जवळपास तोच राहिला. पहिल्या पानावरचे दोन्ही अहवाल शेजारी ठेवले असते, तर बाइट गमावणारं यंत्र कुठलं आणि न गमावणारं कुठलं, हे कुणालाही सांगता आलं नसतं.

सिम्युलेशनवर माझा जीव जडलाय तो यासाठी. तो क्षण पुन्हा घडवता येतो. यादृच्छिक आकड्यांचं बीज तेच ठेवलं, मॉडेल तेच ठेवलं, की सतराव्या दिवसाची तीच दुपार, तोच मिलिसेकंद, तीच टक्कर हव्या तितक्या वेळा समोर आणता येते. शेतात घडून गेलेला क्षण गेला तो गेलाच.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण नागपूरपासून फार लांबचं आहे. ४ जुलै १९९७ ला नासाचं मार्स पाथफाइंडर मंगळावर उतरलं. पहिले काही दिवस छान गेले, मग त्याचा संगणक अधूनमधून स्वतःहून पुन्हा सुरू होऊ लागला आणि त्या दिवसाचं उरलेलं काम बुडू लागलं. कॅलिफोर्नियातल्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत त्या यानाची हुबेहूब प्रत होती. तिथल्या अभियंत्यांनी तिच्यावर घटनांची नोंद चालू ठेवून तीच परिस्थिती पुन्हा घडवली. सापडलं ते असं: खालच्या प्राधान्याचं एक काम होतं, हवामानाच्या नोंदी गोळा करण्याचं. ते एका सामायिक गोष्टीचं कुलूप लावून बसायचं. बरंच वरच्या प्राधान्याचं एक काम त्या कुलपासाठी थांबायचं. आणि तेवढ्यात मधल्या प्राधान्याचं संपर्काचं लांबलचक काम येऊन हवामानाच्या कामाला बाजूला सारायचं. कुलूप लावणाऱ्याला उघडायची संधीच मिळेना, म्हणून ते महत्त्वाचं काम अडून राही. ते वेळेत झालं नाही हे लक्षात आलं की यान स्वतःला पुन्हा सुरू करत असे.

यावरचा उपाय कागदावर तयार होता. लुई शा, रागुनाथन राजकुमार आणि जॉन लेहॉकी यांनी १९९० मध्ये प्राधान्याच्या वारशाची पद्धत मांडली होती: कुलूप धरून बसलेल्या लहान कामाला, जोवर मोठं काम त्याच्यासाठी खोळंबलंय तोवर, मोठ्याचं प्राधान्य द्यायचं. यानाच्या सॉफ्टवेअरमध्ये ही सोय होती, त्या कुलपासाठी ती बंद ठेवलेली होती. पृथ्वीवरून बदल पाठवून ती चालू केली आणि यान सुरळीत झालं. या हकिकतीतला मला सगळ्यात बोचणारा भाग वेगळाच आहे. उड्डाणाच्या आधीच्या चाचण्यांमध्येही असं पुन्हा सुरू होणं क्वचित दिसलं होतं. ते परत घडवता आलं नाही, कारण उलगडलं नाही, आणि उतरण्याच्या तयारीचा ताण मोठा होता. उजवीकडचा एकटा स्तंभ तेव्हाही होता.

मुलं विचारतात, मग भाराच्या टक्क्यांना काहीच अर्थ नाही का? आहे. १९७३ मध्ये सी. एल. लिऊ आणि जेम्स लेलँड यांनी सिद्ध केलं, की ठरावीक अंतराने येणाऱ्या कामांना, ज्याचं अंतर लहान त्याचं प्राधान्य मोठं, असा क्रम दिला आणि एकूण भार एका मर्यादेच्या आत ठेवला, तर प्रत्येक काम मुदतीत होणारच. तीन कामं असतील तर ती मर्यादा सुमारे ७८ टक्के, कामं कितीही वाढली तरी ६९ टक्क्यांच्या खाली ती जात नाही. यातला लेलँड त्याच जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत काम करत होता. पण या प्रमेयाच्या अटी आहेत: कामं एकमेकांवर अवलंबून नसावीत, मोठं काम आलं की लहान काम तत्काळ बाजूला व्हावं. पान पुसणारी फ्लॅश बाजूला होत नाही, आणि मंगळावरचं हवामानाचं काम कुलूप धरून होतं. टक्का खरा असतो, त्यामागच्या अटी तुटलेल्या असतात. म्हणून मी टक्क्याच्या आधी अटी तपासायला लावते.

सरासरीने वीज मोजण्याचीही हीच गत. टू-जी मोडेम बोलताना ४.६१५ मिलिसेकंदांच्या चौकटीतल्या आठव्या हिश्शात, म्हणजे ५७७ मायक्रोसेकंदांत, सुमारे २ अँपिअरपर्यंत प्रवाह ओढू शकतो. सरासरी काढली तर पाव अँपिअर. पाव अँपिअरच्या हिशेबाने निवडलेली बॅटरी आणि बारीक तारा त्या झटक्याला दबतात, व्होल्टेज खाली जातं आणि संदेश पाठवता पाठवता यंत्र बंद पडून पुन्हा सुरू होतं. दिवसाच्या विजेचा हिशेब बरोबर, आणि यंत्र मात्र संध्याकाळच्या उतरलेल्या बॅटरीवर एकही संदेश पूर्ण करत नाही.

आणखी एका गोष्टीवर माझं अनेकांशी पटत नाही. सिम्युलेशनच्या पुस्तकी पद्धतीत सुरुवातीचा काळ आकडेवारीतून वगळायला सांगतात. यंत्र नुकतंच सुरू झालेलं, सगळं थंड, त्याने सरासरी बिघडते, म्हणून मोजणी नंतर सुरू करायची. सर्व्हरसाठी ते बरोबर असेल. आमचं यंत्र सलग ढगाळ दिवसांनंतर रात्री मान टाकतं आणि सकाळी ऊन आलं की उठतं. त्याच्या आयुष्यात सुरुवात पुन्हा पुन्हा येते. व्हॉल्व्ह उघडा राहून गेला असेल, तर तो बंद करायची घाई त्याच पहिल्या काही सेकंदांत असते. सुरुवातीची आकडेवारी मी वेगळ्या पानावर घेते, पण फेकत नाही.

मॉडेलमध्ये जे नाही ते आकडेवारीत येणार नाही, हे आम्हाला नागपूरच्या उन्हाने शिकवलं. घड्याळाचा क्वार्ट्झ स्फटिक २५ अंशांच्या आसपास सगळ्यात नेमका चालतो. त्यापासून जितकं दूर जाल त्याच्या वर्गाच्या प्रमाणात तो मागे पडतो, दर अंशाच्या वर्गामागे दशलक्षात साधारण ०.०३४ भाग. बाहेर ४५ अंश असताना उन्हातल्या बंद डबीत ६५ अंश धरले, तर फरक ४० अंशांचा, वर्ग १,६००, आणि घड्याळ दशलक्षात सुमारे ५४ भाग मंद. तेच तापमान दिवसभर राहिलं असं धरलं तर दिवसाला पावणेपाच सेकंद. एकाच बागेत अनेक यंत्रं ठरलेल्या क्षणी जागी होऊन एकमेकांशी रेडिओवर बोलतात तेव्हा सावलीतलं आणि उन्हातलं यंत्र वेगवेगळ्या वेळी जागं होऊ लागतं. सिम्युलेटरमध्ये तापमान २५ वर खिळवून ठेवलं असेल, तर सगळी यंत्रं एकमेकांशी अगदी सुरात बोलताना दिसतात. म्हणून आम्ही प्रत्येक आभासी यंत्राला त्याचं स्वतःचं ऊन देतो: कुणाला आंब्याच्या झाडाखालचं, कुणाला बांधावरचं उघडं. परदेशातून आलेल्या चिपच्या पुस्तिकेत उदाहरणादाखल दिलेले आलेख बहुतेक खोलीच्या तापमानाचे असतात. ते आलेख खोटे नाहीत. काटोल-नरखेडच्या बागेत तसली खोली नसते, एवढंच.

बागेचं सांगते, कारण आकडेवारी कोणासाठी पाहायची हे मला तिथे उमगलं. संत्र्याच्या आंबिया बहारासाठी डिसेंबर-जानेवारीत झाडांना पाणी तोडून ताण देतात. ताण किती दिवस हे जमिनीवर अवलंबून. हलक्या जमिनीत कमी, काळ्या भारी जमिनीत जास्त. ताण कमी पडला तर फूल धड येत नाही, जास्त झाला तर झाड खचतं. मग तीच फळं मे महिन्यात झाडावर बारकी असतात आणि उन्हाच्या कडाक्यात पाणी चुकलं की गळतात. शेतकऱ्याला जमिनीतल्या ओलाव्याचा भरवशाचा आकडा सगळ्यात जास्त हवा असतो तो याच दिवसांत. आणि यंत्राची डबी सगळ्यात जास्त तापते ती याच दिवसांत.

काटोलकडच्या एका बागेत आधीपासून दुसऱ्या कुणाचं जुनं यंत्र लावलेलं होतं. बागेचे मालक वयाने मोठे, बोलायला शांत. आम्ही बांधावर उभे होतो तेव्हा त्यांनी विचारलं, ‘ताई, सकाळी हे मशीन बराबर सांगते. दुपारीच काहून एकसारखा आकडा दावते?’ मी त्यांच्या मोबाइलवरचा आलेख पाहिला. दुपारी बारानंतर ओलाव्याची रेषा सरळ आडवी गेलेली होती आणि संध्याकाळी एकदम खाली उतरत होती. काळ्या मातीतून उन्हात पाणी असं कधी जात नाही. नोंद न आलेल्या जागी शेवटचा आकडा पुढे ओढून रेषा जोडलेली होती. पाहणाऱ्याला आलेख तुटका दिसू नये म्हणून ही सोय. मी त्यांना ते समजावलं. ते म्हणाले, ‘आकडा नसला त चालते ताई, मी माती हातात घेऊन पाहीन. पण खोटा नको.’

त्यांचं ते बोलणं मी ऑफिसात जशाच्या तसं सांगितलं, आणि त्यानंतर आमच्या अहवालात एक नवी मोजणी आली. न आलेल्या नोंदी किती, हे आम्ही आधीही मोजायचो. आता त्या कोणत्या वेळी आल्या नाहीत हे मोजतो, दिवसाच्या प्रत्येक तासासाठी वेगळं, आणि तापमानाच्या प्रत्येक टप्प्यासाठी वेगळं. ९९.९९ टक्के नोंदी वेळेवर, हे ऐकायला पूर्ण वाटतं. सेकंदाला एक नोंद धरली तर दिवसाच्या ८६,४०० पैकी ८ ते ९ नोंदी चुकतात. त्या चोवीस तासांत विखुरलेल्या असतील तर माझी काही तक्रार नाही. त्या सगळ्या दुपारी दोन ते तीनच्या दरम्यान, ४४ अंशांच्या वर एकत्र पडत असतील, तर मला ते यंत्र बागेत जायला नको आहे. आलेखावरही आता जिथे नोंद नाही तिथे रेषा तुटते. विकणाऱ्यांना ते आवडलं नव्हतं, तुटकी रेषा दाखवून यंत्र कसं विकायचं हा त्यांचा प्रश्न मला कळतो. मी त्यांना काटोलच्या बागेत घेऊन गेले.

अहवालाचं पहिलं पानही बदललं. सरासरी भार आता शेवटच्या पानावर असतो. पहिल्या ओळीत सगळ्यात वाईट प्रतिसाद लिहिलेला असतो: व्हॉल्व्ह बंद करण्याच्या आदेशापासून तो खरोखर बंद होईपर्यंत लागलेला सगळ्यात मोठा वेळ, ती आभासी तारीख, तेव्हाचं डबीतलं तापमान, आणि त्या क्षणी यंत्रात काय काय चालू होतं त्याची पट्टी. त्या ओळीचं कारण एका वाक्यात लिहिता आलं नाही, तर अहवाल पुढे जात नाही. नवी मुलं सुरुवातीला यावर रुसतात. दशलक्षात एकदा घडणाऱ्या गोष्टीवर आठवडा कशाला, असं त्यांना वाटतं. सेकंदाला एक घटना असेल तर दशलक्ष सेकंद साडेअकरा दिवसांत सरतात, हे त्यांनी एकदा स्वतः हिशेब करून पाहिलं, की ते स्वतःच लॉगॅरिदमिक माप लावू लागतात.

सध्या त्या पहिल्या ओळीत जे कारण लिहिलेलं आहे ते आम्हाला अजून हटवता आलेलं नाही. मोडेम नेटवर्क शोधत असताना बॅटरीवर एवढा भार असतो, की त्याच वेळी रिलेची कॉइल ओढली तर व्होल्टेज मर्यादेखाली जातं, म्हणून यंत्र व्हॉल्व्ह बंद करणं पुढे ढकलतं. गावाच्या टोकाला, जिथे सिग्नल क्षीण, तिथे हा शोध लांबतो आणि तेवढा वेळ पाणी वाहत राहतं. दोन मार्ग आहेत. मोठा कपॅसिटर घालायचा, पण इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरचं आयुष्य उष्णतेत झपाट्याने घटतं, आणि आमच्या डबीत उष्णतेला तोटा नाही. किंवा व्हॉल्व्हला मोडेमच्या वरचं प्राधान्य देऊन नेटवर्कचा शोध मध्येच तोडायचा, मग तो पहिल्यापासून सुरू होईल आणि पुढचा आदेश उशिरा पोचेल. टीममधली सगळ्यात नवी मुलगी दुसऱ्या मार्गाच्या बाजूने आहे. तिने तो मॉडेलमध्ये लिहिला आहे, क्षीण सिग्नलच्या आणि पूर्ण उन्हाळ्याच्या नोंदी जोडल्या आहेत, आणि आज संध्याकाळी तो चालवायला लावून ती घरी जाणार आहे.